अबुधाबीत जपानी भाषा : मोत्यांपासून बालवाडीपर्यंत

आखात आणि जपान यांची पहिली गाठ पडली ती मोत्यांवरून, आणि ती गोड मुळीच नव्हती. 1893 साली कोकिची मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती पिकवून दाखवला. पुढे हे मोती बाजारात ढिगाने आले, त्यातच 1930 च्या आसपास जागतिक मंदी आली आणि अबुधाबी, दुबई, बहारीनच्या मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचा धंदा बसला. हंगामाचा माल मुंबईच्या जव्हेऱ्यांकडे यायचा, तोही ओघ आटला. जपानी शिकावी असं तेव्हा तिथे कुणाच्या मनात यायचं काही कारण नव्हतं.

मग तेल आलं. 1968 मध्ये अबुधाबीच्या समुद्रात तेल काढण्यासाठी जपानी कंपनी उभी राहिली आणि 1973 मध्ये मुबारझ क्षेत्रातून उत्पादन सुरू झालं. त्याच वर्षाच्या शेवटी अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. ओसाकाजवळ बायका टॉयलेट पेपरसाठी दुकानांसमोर रांगा लावू लागल्या, तेव्हा अरबांशी ओळख वाढवायला हवी हे टोकियोला कळलं. 1974 मध्ये कैरो विद्यापीठात जपानीचा विभाग निघाला. अबुधाबीत मात्र व्यवहार इंग्रजीतच चालले. 1977 पासून अबुधाबीच्याच दास बेटावरचा द्रवरूप वायू टोकियोला जाऊ लागला, तरी भाषा बंदरावरच राहिली. 1978 मध्ये जपानी शाळा निघाली, पण ती नोकरीसाठी आलेल्या जपान्यांच्या मुलांसाठी. परत गेल्यावर त्यांचा अभ्यास बुडू नये, एवढाच तिचा हेतू.

दरम्यान घराघरांत दुसराच शिक्षक शिरला होता. जपानी कार्टूनमधला फुटबॉलवेडा त्सुबासा अरबीत ‘कॅप्टन माजिद’ झाला. संवाद शुद्ध अरबीत असल्यामुळे हा मुलगा परदेशी आहे हेही अनेक पोरांना ठाऊक नव्हतं. पुढे इंटरनेटवर मूळ जपानी आवाज ऐकू आले, आणि माझ्या मते तेलाच्या करारांना जमलं नाही ते या कार्टूननं केलं : भाषेची हौस लावली.

सरकारी पातळीवर मोठं पाऊल पडलं 2006 मध्ये. अबुधाबीच्या राजघराण्याच्या इच्छेवरून त्या जपानी शाळेच्या बालवाडीत अमिराती मुलांना घेतलं जाऊ लागलं. भाषेइतकंच आकर्षण शिस्तीचं होतं. जपानी शाळेत वर्ग झाडायचा तो मुलांनीच. घरी नोकरचाकर असलेल्या पोराच्या हाती फडकं येणं ही तिथे लहान गोष्ट नाही.

अरबी मुलाला जपानी वाटते तितकी परकी नसते. पुस्तक उजवीकडून उघडतं, त्यामुळे मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हाती धरताना ते अडखळत नाही. ‘ओबासान’ म्हणजे काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी, हा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक त्याच्या कानाला सहज कळतो, कारण अरबीतही स्वर लांबवला की अर्थ बदलतो. घोडं अडतं ते ‘प’वर. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे ‘पान’, म्हणजे जपानीत ब्रेड, मागताना तोंडून ‘बान’ निघतं आणि ब्रेडच्या जागी रात्र येते. (हे ‘पान’ आणि आपला ‘पाव’ सख्खे भाऊ, दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले.) त्यानंतर 2,136 नेहमीच्या कांजी, म्हणजे चिनीवरून घेतलेली लिपीचिन्हं, आहेतच.

जुलै 2020 मध्ये अमिरातीचं ‘होप’ हे मंगळयान जपानच्या तानेगाशिमा बेटावरून जपानी अग्निबाणानं उडालं. शेवटची उलटी मोजणी तेवढी अरबीत झाली.