जुन्या ड्रमसेटचे मॉडेल व निर्मितिकाळ ओळखणे

ड्रमसेट कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा आणि साधारण कोणत्या वर्षांतला आहे हे त्याच्या शेल (ड्रमचे गोल पोकळ अंग), बॅज (कंपनीच्या नावाची पट्टी), लग (शेलवर बसवलेले, ताणाचे स्क्रू ज्यात फिरतात ते धातूचे भाग), हूप (वाजवायचा पडदा दाबून धरणारी कडी), रॅप (शेलवरचे रंगीत प्लॅस्टिकचे आवरण) इत्यादी भागांवरून ठरवण्याची पद्धत. एकाच खुणेवरून वर्ष सांगता येत नाही. प्रत्येक भाग कोणत्या काळात वापरात होता ते पाहायचे आणि हे सगळे काळ जिथे एकमेकांवर येतात तो निर्मितिकाळ धरायचा.

‘मॉडेल’ हे नाव बहुधा ड्रमवर लिहिलेले नसते, ते कंपनीच्या कॅटलॉगमधल्या संचाचे असते. लडविग या अमेरिकी कंपनीचे 22 इंची बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), 13 इंची टॉम (त्याच्या वर बसवलेला छोटा ड्रम) आणि 16 इंची फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा ड्रम) म्हणजे ‘सुपर क्लासिक’. 20, 12 आणि 14 म्हणजे ‘डाउनबीट’. त्यामुळे आधी मापे घ्यावीत. व्यास आणि खोली हूप काढून, नुसत्या शेलची मोजायची. हूपसकट मोजले तर माप फुगते आणि भलतेच मॉडेल समोर येते. सेटमधला एखादा ड्रम नंतर जोडलेला असेल तर कॅटलॉगशी मेळ बसत नाही. अशा वेळी प्रत्येक ड्रमचा काळ वेगळा काढावा.

पुसापुशी करण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढावेत. मग टेन्शन रॉड (ताणाचे लांब स्क्रू) आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करून हेड (वाजवायचा पडदा) उतरवावे आणि टॉर्चने आतून शेल पाहावे. सर्वांत भरवशाचा पुरावा इथेच असतो, कारण हेड, स्टँड, पेडल सहज बदलले जातात, शेल नाही. बेअरिंग एजवर (हेड ज्यावर टेकते त्या शेलच्या कडेवर) किंवा हवेच्या छिद्राच्या कडेला प्लाय (लाकडाचे चिकटवलेले पातळ थर) मोजता येतात. लडविगची 1960 च्या दशकातली शेल तीन प्लायची, वर-खाली मजबुतीच्या रिंगा असलेली. 1970 च्या दशकाच्या मध्यानंतर रिंगा जाऊन सहा प्लाय आले. आतला रंगही बोलतो : साधारण 1962 पर्यंत पांढरा, त्यानंतर लाकूड दिसेल असा पारदर्शक थर, 1968 च्या सुमारास करडा ठिपकेदार रंग. काही शेलच्या आत लाल शाईचा तारखेचा शिक्का असतो. शिक्का प्रत्येक ड्रमवर नसतो, पण असला तर इतर सगळ्या अंदाजांपेक्षा मोलाचा. ग्रेच या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या ड्रमच्या आत चंदेरी रंग आणि 1960 च्या दशकापासून कागदी लेबल आढळते.

बॅज पहिल्यांदा नजरेत भरतो, पण तो शेवटचा शब्द नाही. लडविग ब्रँड विकल्यानंतर विल्यम एफ. लडविग यांनी 1937 मध्ये डब्ल्यू.एफ.एल. ही कंपनी काढली आणि 1955 मध्ये जुने नाव परत विकत घेतले, म्हणून डब्ल्यू.एफ.एल. बॅज या काळाकडे बोट दाखवतो. लडविगचा कीस्टोन बॅज (कमानीच्या मधल्या दगडासारख्या आकाराचा) 1960 च्या दशकाचा, त्यावर क्रमांक 1963 च्या अखेरीपासून. लडविगचाच निळा-ऑलिव्ह बॅज 1969 च्या आसपासपासून. ग्रेचचा गोल बॅज 1970 च्या दशकाच्या आरंभी जाऊन अष्टकोनी आला. स्लिंगरलँड या अमेरिकी कंपनीच्या बॅजवर ‘नाइल्स’ (शिकागोजवळचे गाव) असेल तर ड्रम 1960 नंतरचा, कारण कारखाना तोपर्यंत शिकागोत होता.

क्रमांकाबाबत गैरसमज फार. बॅज पेटीतून हाताला येईल तसे लावले जात, म्हणून मोठा क्रमांक म्हणजे नंतरचा ड्रम असे ठामपणे म्हणता येत नाही. एकाच सेटच्या ड्रमचे क्रमांक जुळत नाहीत आणि त्यात खोट काही नाही. बॅज हवेच्या छिद्रातल्या आयलेटने (कड वळवलेल्या पोकळ धातूच्या नळीने) धरलेला असतो. आतल्या बाजूला त्या आयलेटची कड दबलेली, ओरखडलेली किंवा पुन्हा वळवलेली दिसली तर बॅज दुसऱ्या ड्रमवरून आलेला असण्याची शक्यता धरावी.

समजा, एका लडविग टॉमवर क्रमांकासह कीस्टोन बॅज आहे आणि आत करडा ठिपकेदार रंग. क्रमांकामुळे 1963 च्या अखेरीपूर्वीची वर्षे बाद होतात, आतल्या रंगामुळे 1968 पूर्वीची. कीस्टोन बॅज 1970 च्या आसपास संपतो. उरतात सुमारे दोन वर्षे. शिक्का नसताना याहून बारीक उत्तर सहसा देऊ नये.

धातूच्या स्नेअरला (तळाशी तारा असलेल्या उथळ ड्रमला) चुंबक लावावा. चिकटला तर शेल पोलादी. लडविगच्या ‘सुप्राफोनिक’ या स्नेअरचे शेल क्रोम चढवलेल्या ॲल्युमिनियमचे (सुरुवातीचे काही पितळी), त्यामुळे चुंबक चिकटत नाही. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या पोलादी नकला इथेच उघड्या पडतात. ॲल्युमिनियमवरचे क्रोम कालांतराने फुगून खवले धरते. हा दोष नेहमीचा, त्यावरून ड्रम बनावट ठरत नाही.

रॅप तपासताना एक लग सोडवून खालचा भाग पाहावा. पांढरा मरीन पर्ल (मोत्यासारखा दिसणारा रॅप) पिवळट पडतो, निळा स्पार्कल (चमकीचा रॅप) हिरवट होतो, पण लगखाली मूळ रंग टिकून राहतो. खाली-वर एकच रंग असेल तर रॅप बदललेला असू शकतो. याच वेळी वापरात नसलेली छिद्रे शोधावीत : टॉम होल्डर (टॉम धरणारा दांडा) किंवा स्पर (बेस ड्रमला घसरू न देणारे पाय) नंतर बसवल्याची ती खूण, आणि किंमत त्यामुळे घटते. प्लॅस्टिकचे मायलर हेड 1957 पासून रूढ झाले. त्याआधी कातडी हेड होते. त्या काळच्या काही शेलवर आजचे हेड घट्ट बसते किंवा बसतच नाही. ब्रिटिश प्रीमियरच्या 1960 च्या दशकातल्या काही ड्रमची मापेही आजच्या प्रमाणित मापांहून थोडी वेगळी. हेड विकत घेण्यापूर्वी शेल मोजावे.

बॅजवर अनोळखी नाव, तळाशी ‘मेड इन जपान’ आणि शेल हलक्या तांबूस लुआन लाकडाचे, हे सारे एकत्र आले तर 1960 च्या दशकातला जपानी सेट असण्याची शक्यता मोठी. एकच कारखाना अनेक आयातदारांसाठी वेगवेगळी नावे छापून देई, म्हणून अशा सेटमध्ये बॅजपेक्षा लगचा आकार आणि टॉम होल्डरची घडण जुळवून मूळ कारखाना शोधावा.