लग्नाची नोंद : करताना काय सांभाळायचं, नंतर शोधायची कशी

आमच्या दाखला-सेवा केंद्रातल्या ग्राहकांसाठी

‘लग्न मे 2009 मध्ये झालं, गावच्या देवळात झालं, तेवढा दाखला काढून द्या.’ एवढं सांगून पैसे पुढे करणारे ग्राहक रोजचेच. माहिती खरी असते, पण शोधाच्या कामाची नसते. ग्रामपंचायतीची विवाह नोंदवही लग्नाच्या तारखेने लावलेली नसते. नोंदणी ज्या दिवशी झाली, त्या क्रमाने नावं चढतात. मे 2009 चं लग्न 2013 मध्ये, मुलाच्या शाळेसाठी की घरकर्जासाठी, नोंदवलं असेल तर ते 2013 च्या पानांत आहे. 2009 ची पानं कितीही चाळली तरी हाती काही लागणार नाही.

दुसरी गोष्ट गावाची. लग्न गावी झालं म्हणजे नोंदही गावीच असेल असं नाही. आपल्याकडचे निम्मे नवरदेव चाकरमानी. लग्न गावच्या मांडवात आणि नोंदणी मुंबईत, महापालिकेच्या विभाग कार्यालयात, हा प्रकार नेहमीचा. कधी वधूच्या माहेरी नोंद झालेली असते. ज्या कार्यालयाने नोंद केली, त्याच्याच दप्तरात ती असते. शेजारच्या ग्रामपंचायतीला तिचा पत्ताही नसतो.

म्हणून येण्याआधी घरात एवढं विचारून या : लग्नाचा दाखला पहिल्यांदा कशासाठी लागला होता? पासपोर्ट, जोडखातं, नोकरीतल्या सेवापुस्तकात बायकोचं नाव, परदेशी व्हिसा, यांपैकी काहीतरी असतंच. त्या कामाच्या आधीचे पाच-सहा महिने पाहिले की बहुतेक नोंदी सापडतात. त्याहून चांगलं म्हणजे त्या कामाच्या फाईलमधली झेरॉक्स. फिकट असली तरी चालेल. दाखल्याच्या मजकुरात ‘नोंदवहीच्या खंड अमुकच्या अनुक्रमांक तमुकवर’ अशी ओळ असते. खंड, अनुक्रमांक आणि नोंदणीचा दिनांक या तीन गोष्टी मिळाल्या की पान उघडायला वेळ लागत नाही.

नाव सांगताना वधूचं माहेरचं नाव सांगा. अर्जात लग्नापूर्वीचं नाव लिहिलेलं असतं, आणि आज सासूबाईंना गावात ज्या नावाने ओळखतात ते नाव नोंदवहीत असेलच असं नाही. तांदळात लिहून बदललेलं नाव तर बहुधा नसतंच.

गावाच्या नावावरही एक नजर हवी. पूर्वी एकाच ग्रुप ग्रामपंचायतीत असलेल्या वाड्या पुढे वेगळ्या झाल्या असतील, तर जुनी वही सहसा मूळ ग्रामपंचायतीतच राहते. तालुक्याची बरीच गावं 2015 च्या आसपास नगरपंचायती झाली. तिथलं जुनं दप्तर नगरपंचायतीत विचारावं.

आणि घरात जपून ठेवलेला ‘दाखला’ नीट वाचून पाहा. देवस्थानाची पावती, सामुदायिक विवाह सोहळ्याचं मानपत्र, गुरुजींनी दिलेला कागद किंवा स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला विवाह करार, यांतलं एकही नोंदणी प्रमाणपत्र नाही. खरं प्रमाणपत्र नमुना ‘इ’ मध्ये असतं आणि त्यावर 1998 च्या महाराष्ट्र विवाह मंडळाचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियमाचा उल्लेख असतो. नोंदच झालेली नसेल तर घाबरू नका. नोंद नाही म्हणून लग्न रद्दबातल ठरत नाही, आणि उशिराही नोंदणी करता येते. मुदत लग्नापासून 90 दिवसांची आहे. त्यापुढे जादा शुल्क पडतं, बाकी प्रक्रिया तीच.

नव्याने नोंदणी करायची असेल तर

अर्ज नमुना ‘ड’ मध्ये, त्यावर 100 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. नवरा-बायको आणि तीन साक्षीदार, पाचही जण प्रत्यक्ष हजर. ‘मी पुण्यात आहे, भावाला पाठवतो’ हे चालत नाही. दोघांचे वयाचे पुरावे (शाळा सोडल्याचा दाखला उत्तम), राहण्याचे पुरावे, साक्षीदारांची आधार कार्डं, लग्नपत्रिका, विधीचा एखादा फोटो, आणि पासपोर्ट आकाराचे फोटो जरा जास्तच आणा. लग्न लावणाऱ्या पुरोहितांची किंवा काझींची माहिती आणि सही अर्जातच असते, तेव्हा गुरुजी दुसऱ्या मांडवात जाण्याआधी सही घेऊन ठेवा. पत्रिका नसेल किंवा गुरुजी हयात नसतील तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. घटस्फोटितांनी कोर्टाच्या हुकुमाची प्रत आणि विधवा-विधुरांनी आधीच्या जोडीदाराचा मृत्यू दाखला आणावा.

अर्ज परत येतो तो दोन रकान्यांमुळे. एक, वय. तिथे ‘विवाहाच्या वेळचं वय’ विचारलेलं असतं, आणि पंधरा वर्षांनी नोंदणीला आलेली मंडळी सर्रास आजचं वय लिहितात. लग्नाच्या दिवशी पूर्ण झालेली वर्षं लिहायची. वर 21 आणि वधू 18 पूर्ण हवी, ते इथेच तपासलं जातं. दोन, नाव. पत्रिकेवर ‘चि. बाळा’ आणि ‘चि. सौ. कां. पिंकी’, आधारवर वेगळंच, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. अर्जात पत्रिकेवरचं लाडकं नाव लिहू नका. शाळेच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं जुळवून घ्या. काहीजणी लग्न झाल्या झाल्या आधारवर सासरचं नाव चढवून येतात आणि मग माहेरच्या नावाचा पुरावा शोधत बसतात. आधी प्रमाणपत्र, मग आधार, असा क्रम ठेवा. आडनाव बदलायला सहसा विवाह प्रमाणपत्र पुरतं. पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. तेही काम आम्ही करतो.

ज्यांना धार्मिक विधी न करता लग्न करायचं आहे, त्यांचा रस्ता वेगळा. लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणतात, पण ते होतं विवाह अधिकाऱ्यासमोर, विशेष विवाह कायदा 1954 खाली. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला हवा, नोटिशीनंतर 30 दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा. हॉल बुक करण्याआधी हे दिवस मोजा. या लग्नांची नोंद ग्रामपंचायतीत शोधू नये, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात असते. लग्न गोव्यात झालं असेल तर तिथल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे विचारा; तिथे आधी इराद्याची सही आणि मग लग्नाची, अशा दोनदा सह्या होतात.

आमच्या शुल्काबद्दल

सरकारी शुल्क कार्यालयाच्या फलकावर लावलेलं असतं, ते आम्ही वेगळं दाखवतो. आमचे पैसे अर्ज भरण्याचे, कागद जुळवण्याचे आणि शोधाचे. शोधाचं शुल्क गाव आणि वर्ष यांवर असतं, आणि नोंद सापडली नाही तरी परत मिळत नाही. काहींना हे खटकतं. पण दोन गावांच्या चार वर्षांच्या वह्या पाहायच्या म्हणजे कार्यालयात दोन खेपा होतातच. एकाच ग्रामसेवकाकडे, हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, दोन-तीन गावांचा पदभार असतो आणि ते कोणत्या गावात कोणत्या वारी बसतात ते पाहूनच जावं लागतं. वर सांगितलेले प्रश्न घरी विचारून आलात तर शोध एका वर्षावर येतो आणि तुमचेच पैसे वाचतात. ज्यांच्याकडे खंड आणि अनुक्रमांक आहे, त्यांनी आमच्याकडे येऊच नये. थेट ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा. लोकसेवा हक्क कायद्याखाली विवाह नोंदणी दाखल्याला 5 दिवसांची मुदत आहे आणि मुदत टळली तर अपील करता येतं. अर्जाची पोच मात्र हातात घ्या, ती नसेल तर मुदत कुठून मोजणार?

मूळ कागद पाहिल्याशिवाय आम्ही अर्ज भरत नाही. मोबाईलवरच्या फोटोत ‘सुवर्णा’ आणि ‘स्वर्णा’ यांतला फरक दिसत नाही, आणि प्रमाणपत्रात चूक छापली गेली की दुरुस्तीला नोंदणीपेक्षा जास्त हेलपाटे पडतात. छापण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग आम्ही तुम्हाला वाचायला देतो. घाईत मान डोलावू नका, पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

प्रमाणपत्र मिळाल्यावर लॅमिनेशन करू नका. परदेशासाठी अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून होणारं सरकारी साक्षांकन) करायचं असेल तर मूळ कागदावरच शिक्के आणि स्टिकर लागतात, आणि प्लॅस्टिकखाली गेलेला कागद परत पाठवला जातो. साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा, मागे पेन्सिलीने काही लिहू नका. नोंदणीचं कार्यालय, दिनांक, खंड आणि अनुक्रमांक एवढं मोबाईलमध्ये आणि घरच्या एका वहीत उतरवून ठेवा.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येऊन एकाच फेरीत नोंदणी उरकायची असेल, तर निदान आठ दिवस आधी लग्नपत्रिका आणि दोघांचे शाळेचे दाखले आमच्याकडे कुणाकडून तरी पोचवा. कमी असलेला कागद आम्ही तेव्हाच सांगू. गणपतीच्या आदल्या दिवशी आलेला अर्ज आम्ही घेऊ, पण सही त्या सुट्टीत मिळेल असं सांगणार नाही.