निकोटिन एकच, रेघा दोन ठिकाणी

निपाणीत तंबाखूच्या वखारीसमोरून जाताना खकाणा नाकात गेला की ठसका लागतोच. त्या तंबाखूतल्या निकोटिनचा रेणुभार १६२. पण मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचे वजन मोजणाऱ्या यंत्राच्या जुन्या पद्धतीच्या आलेखात सर्वांत उंच रेघ ८४ वर दिसते, १६२ ची बुटकी. नव्या पद्धतीच्या यंत्रात सर्वांत उंच रेघ १६३ वर. बेळगावात एम.एस्सी.ला आलेली आपल्या भागातली पोरे बहुधा इथेच पहिल्यांदा अडखळतात. यंत्राला कळतात ते फक्त विद्युतभार असलेले कण, आणि तेही वस्तुमान भागिले भार या हिशेबात. तेव्हा भार कसा चढवला, यावर सगळे आले.

जुनी पद्धत इलेक्ट्रॉनच्या माऱ्याची, १९१८ पासूनची. तापलेल्या तारेतून सुटलेले ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन वाफेवर आदळतात, रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो आणि शिल्लक ऊर्जेने रेणूच फुटतो. निकोटिनची दोन कडी जिथे जोडलेली, तिथे तुटतात. ७८ चा तुकडा गळतो, ८४ चा भारित उरतो. फुटण्याची तऱ्हा ठरलेली असल्याने ओळख मात्र पक्की पटते. १९६६ मध्ये मिथेनच्या मदतीने प्रोटॉन चिकटवण्याची मवाळ रीत आली, १९८१ मध्ये ग्लिसरॉलमधल्या नमुन्यावर अणूंचा मारा. मोठी प्रथिने तरीही न फुटता, अख्खी वाफेत उडेनात. खानापूरकडे काजू फोडणाऱ्या बायांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही: अख्ख्या गराचा भाव वेगळा, तुकड्याचा वेगळा.

प्रथिने अख्खी उडवली कोणी, याचा वाद २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलपासून चालू आहे. क्योटोतल्या एका अभियंत्याने चुकून ग्लिसरॉल आणि कोबाल्टची बारीक भुकटी एकत्र केली. महागडी भुकटी टाकवेना, म्हणून त्यावरच लेसर मारून पाहिला. १९८७ मध्ये त्याने सभेत निकाल मांडला. ३४ हजारांच्या वर रेणुभाराचे प्रथिन अख्खे उडाले होते. त्याआधी १९८५ मध्येच दोन जर्मन संशोधकांनी दाखवले होते, की लेसरची ऊर्जा शोषणारा दुसरा पदार्थ मिसळला तर नमुना सुखरूप सुटतो. त्या पदार्थाला त्यांनी मॅट्रिक्स म्हटले. मराठीत आधारद्रव्य म्हणता येईल, पण प्रयोगशाळेत ते कोणी म्हणत नाही. प्रथिनांवरचा त्यांचा निकाल १९८८ मध्ये छापून आला आणि त्यात त्यांनी जपानी कामाचा प्रामाणिक उल्लेखही केला. नोबेल समितीने निकष धरला तो ‘मोठे प्रथिन आधी कोणी दाखवले’ हा. अर्धे पारितोषिक एनएमआरला (चुंबकाच्या मदतीने रेणूची रचना पाहण्याच्या पद्धतीला) गेले, उरलेल्या अर्ध्याचे दोन वाटे झाले. त्यातला एक क्योटोला, जर्मनांना काहीच नाही. तिघांच्या वर कोणाला द्यायचे नाही, हा नियम आडवा होताच. पण आज मॅल्डी या नावाने लेसर आणि मॅट्रिक्सची जी पद्धत रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत काही मिनिटांत जिवाणू ओळखते, ती जर्मनांची आहे. कोबाल्टची भुकटी कोणी वापरत नाही. आणि १९८८ मधले त्यांचे मॅट्रिक्स कोणते होते? निकोटिनिक आम्ल! निकोटिनचे ऑक्सिडीकरण करून पहिल्यांदा मिळाले, म्हणून ते नाव. निपाणीकरांनी कोणाची बाजू घ्यावी, हे उघड आहे.

नोबेलचा दुसरा वाटा इलेक्ट्रोस्प्रेचा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या नव्या पद्धतीचा. काही हजार व्होल्टच्या सुईतून द्रावण फवारायचे, थेंब आटतात, भार दाटतो, शेवटी तो रेणूवर बसतो. निकोटिनला एक प्रोटॉन चिकटतो, म्हणून १६३. सुमारे १७ हजार रेणुभाराच्या मायोग्लोबिन या प्रथिनावर १७ प्रोटॉन बसले, तर रेघ हजाराच्या आसपास येते आणि साधे यंत्रही ती वाचते.

२००४ मध्ये हाच फवारा उघड्या हवेत थेट पृष्ठभागावर मारण्याची युक्ती निघाली. तेव्हापासून तंबाखूचे पान दळावे लागत नाही, अर्कही काढावा लागत नाही. पान फवाऱ्याखाली धरायचे आणि १६३ वर पाहायचे.