टॉर्चची चमक वेगळी, प्रोबची वेगळी

यूव्ही टॉर्चने शेंगदाणे, मका, मसाले तपासणारे व्हिडिओ हल्ली सारखे फिरतात. दाणा चमकला की ‘हे बघा विष’, आणि त्यालाच पुढे ‘फ्लुरोसंट प्रोबची चाचणी’ म्हणायचं. प्रोब म्हणजे एखादा पदार्थ हुडकण्यासाठी मुद्दाम घातलेला रेणू. याचा मला मनापासून राग येतो, कारण यापायी लोक चांगलं धान्य टाकून देतात आणि बाधित धान्य निर्धास्त खातात.

प्रतिदीप्ती म्हणजे एका रंगाचा (इथे यूव्ही) प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकणं. ती दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच, की चमकतंय कोण?

टॉर्चखाली मुळात चमकणारं जे असेल ते चमकतं. दुधातलं रायबोफ्लेविनही चमकतं, आणि ते तर जीवनसत्त्व. मक्यावरची हिरवट-पिवळी चमक अफलाटॉक्सिनची, म्हणजे बुरशी बनवते त्या विषाची, नसतेच. ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी कोजिक आम्ल बनवते, त्यावर जिवंत दाण्यातल्या पेरॉक्सिडेज या विकराची (एन्झाइमची) क्रिया होऊन ती चमक येते. ती बुरशीची खूण झाली. या बुरशीचे सगळे प्रकार विष बनवत नाहीत. उलट वाळलेल्या मक्याला कोठारात बुरशी लागली, तर विष असूनही ही चमक न दिसणं शक्य आहे. अफलाटॉक्सिन बी-१ हा या विषाचा प्रकार स्वतः निळा चमकतो खरा, पण मक्यात अफलाटॉक्सिनची भारतातली मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे टनाला १५ मिलिग्रॅम! एवढंसं विष दाण्यावर डोळ्यांना दिसत नाही, द्रावकात उतरवून वेगळं करावं लागतं. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशीचा मका खाऊन १०६ माणसं दगावल्याची नोंद आहे. अशा विषाचा निवाडा टॉर्चवर सोपवू नये.

प्रोबचं तसं नाही, तो आपण बाहेरून घालतो. उदाहरणार्थ, मासळीतला पारा शोधायचाय. पारा स्वतः असा चमकत नाही, म्हणून तर प्रोब लागतो. रोडामिन या रंगद्रव्यापासून बनवलेल्या गंधकयुक्त प्रोबच्या रेणूतलं अणूंचं वलय मिटलेलं असताना तो बिनरंगी असतो. पारा गंधकाला धरतो, वलय उघडतं, द्रावण गुलाबी होतं आणि नारिंगी चमकतं. त्याआधी मासळीचा तुकडा आम्लात विरघळवायचा, नंतर ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी ताडून पाहायचं. हे काम प्रयोगशाळेचंच.

प्रोबमध्येही शोधायचा पदार्थ भेटला की चमक विझवून उत्तर देणाऱ्यांपेक्षा मी चमकून पेटणारे निवडेन. लोह आणि तांबंही चमक विझवतात, मग विझवली कोणी हे कळत नाही. पेटणाऱ्याचंही उत्तर लगेच मानू नका. आधी विचारा, प्रोब घालण्यापूर्वी हाच नमुना किती चमकत होता?