घाटउतार आणि ब्रेकची नळी

बेळगावातून पश्चिमेला गाडी काढली की वाट कुठलीही धरा, घाट उतरावाच लागतो. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, खानापूर-लोंढ्याकडून अनमोड, शिनोळी-चंदगडमार्गे आंबोली, आणि अवघड वळणांची हौस असेल तर तिलारी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे, गोवा आणि तळकोकण थेट खाली. सीमाभागातली कितीतरी पोरं आता टूरिंगच्या मोठ्या गाड्या घेतात, मागे जोडीदार बसवतात, दोन्ही बाजूंना पेट्या लावतात आणि पावसाळ्यात हेच घाट उतरतात. गाडीवर खर्च करताना क्रॅश गार्ड, जादा लाइट, उंच हँडल यांचा नंबर आधी लागतो. ब्रेकच्या नळीकडे लक्ष जातं ते फार उशिरा. आणि गेलंच, तर सोबत एक समज येतो: स्टीलच्या जाळीची नळी टाकली की ब्रेक जोरात लागतो. या समजात थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं. नेमकं काय बदलतं ते समजून घेतलं, तर पैसे योग्य जागी खर्च होतात.

आधी घाट ब्रेककडून काय मागतो ते पाहू. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून 350 किलो धरा. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात या वजनाची गतिज ऊर्जा साधारण 49 किलोज्यूल असते. एकदा पूर्ण थांबलात की ती सगळी डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. आता तीच गाडी 600 मीटर उंची उतरते असं समजा. उंचीमुळे साठलेली ऊर्जा होते सुमारे 2,060 किलोज्यूल, म्हणजे साठच्या वेगावरून 42 वेळा पूर्ण थांबण्याइतकी. साडेसहा लिटर पाणी चुलीवर उकळायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी ही आहे. तिचा काही वाटा इंजिन आणि वारा उचलतात. गिअर खालचा असेल तर मोठा वाटा उचलतात. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरलात तर बहुतेक सगळा भार त्या दोन चकत्यांवर येतो.

हाताचा जोर चाकापर्यंत पोचवण्याचं काम ब्रेक ऑईल करतं. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे ब्लेझ पास्कलने 17व्या शतकात मांडलं. बेळगावच्या माणसाला हे पुस्तकातून शिकवायला नको. उद्यमबाग आणि मच्छे भागात हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवण्यात इथल्या कारागिरांच्या पिढ्या गेल्या आहेत. मोटारसायकलचं गणित त्याच घराण्यातलं, फक्त आकाराने छोटं. लिव्हरवर बोटांनी 100 न्यूटन, म्हणजे साधारण 10 किलोचा जोर दिला आणि लिव्हरने तो सहापट केला, तर हँडलवरच्या मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ऑईल ढकलणाऱ्या नळकांड्याच्या, पिस्टनवर 600 न्यूटन पडतात. पिस्टनचा व्यास 12.7 मिलिमीटर असेल, तर ऑईलमधला दाब 47 बार होतो, टायरमधल्या हवेच्या जवळपास वीसपट. खाली चाकाजवळ पॅड धरणाऱ्या कॅलिपरमध्ये 30 मिलिमीटरचे दोन पिस्टन असले, तर हाच दाब पॅडला साडेसहा हजार न्यूटनहून जास्त जोराने डिस्कवर दाबतो. दहा किलोचे झाले साडेसहाशेहून अधिक. आणि हे सगळं जातं जेमतेम तीन मिलिमीटर भोकाच्या नळीतून.

या गणितात नळी कशाची आहे ते कुठेच आलं नाही, हे लक्षात घ्या. रबराची असो की स्टीलच्या जाळीची, लिव्हर धरून ठेवल्यावर दोन्हींत दाब तोच आणि पॅडवरचा जोरही तोच. ब्रेकची ताकद ठरते लिव्हरचं प्रमाण, पिस्टनचे व्यास, डिस्कचा आकार आणि पॅडचं घर्षण यांवर. गाडी किती अंतरात थांबेल ते शेवटी टायर आणि रस्त्याच्या पकडीवर. नळी बदलून यातलं काहीही बदलत नाही.

मग बदलतं काय? लिव्हरचा प्रवास. 47 बार दाबाखाली ब्रेक ऑईल स्वतः फारच थोडं आकसतं, पाव टक्क्याच्या आसपास. पण रबरी नळी फुगते. तिच्या आत रबराचा थर, त्यावर धाग्यांचं विणकाम आणि बाहेर पुन्हा रबर असतं. दाब वाढला की हे सगळं किंचित ताणलं जातं. समजा या फुगण्यात पाव घनसेंटिमीटर ऑईल मावलं. 12.7 मिलिमीटरच्या पिस्टनला तेवढं ऑईल ढकलायला 2 मिलिमीटर जादा सरकावं लागतं, आणि सहापटीच्या हिशेबाने लिव्हर 12 मिलिमीटर जादा आत येते. दोन्ही पॅड डिस्कला टेकायलासुद्धा साधारण तेवढंच ऑईल लागतं. म्हणजे बोटांनी केलेल्या कामाचा चांगला मोठा भाग नळी फुगवण्यातच जातो. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक मिस्त्रीला सांगतं, ‘ब्रेक स्पंजी झालाय’, त्यामागे एक तर ऑईलमध्ये शिरलेली हवा असते, नाही तर ही फुगणारी नळी.

हा प्रवास वाया जाण्याचं नुकसान सपाट, कोरड्या रस्त्यावर फारसं जाणवत नाही. चोर्ल्याच्या ओल्या वळणावर जाणवतं. ओल्या डांबरावर पकड कमी असते आणि चालवणाऱ्याला चाक सुटण्याच्या अलीकडे, अगदी काठावर दाब धरून ठेवायचा असतो. लिव्हर कडक असेल, तर बोटातला छोटा फरक लगेच पॅडपर्यंत पोचतो. लिव्हर सोडली की दाबही लगेच सुटतो. नळी मऊ असेल, तर दोन्ही वेळा क्षणभर उशीर होतो आणि बोटाला नेमका अंदाज येत नाही. भारतात 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे चाक लॉक होण्याचा धोका पुष्कळ कमी झाला. तरी दाब किती आणि केव्हा द्यायचा हे हातच ठरवतो. स्टीलच्या जाळीच्या नळीचा खरा फायदा मला इथे दिसतो, आणि पावसात घाट उतरणाऱ्यासाठी तो मोठा आहे.

आता तिच्या पोटात काय असतं ते. आतली नळी पीटीएफई नावाच्या प्लास्टिकची असते, बिनचिकट तव्यावर असतं तेच. हा पदार्थ 6 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला योगायोगाने सापडला. फ्रिजसाठी नवा वायू शोधताना त्याने एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला, तर वायू बाहेरच येईना. वजन मात्र भरलेल्या सिलिंडरचं. इतरांनी सिलिंडर बाजूला ठेवला असता. यांनी तो कापून पाहिला आणि आत पांढरी भुकटी निघाली. वायूच्या रेणूंच्या लांब साखळ्या बनल्या होत्या. पीटीएफई वितळतं 327 अंश सेल्सिअसला, ब्रेक ऑईलचा त्यावर काही परिणाम होत नाही आणि पाण्याची वाफ त्यातून सहजी झिरपत नाही. एक दोष आहे: सतत दाबाखाली ते हळूहळू पसरतं. म्हणून त्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी विणतात.

या जाळीतली भूमिती फार सुंदर आहे. दाबाखाली असलेल्या नळीच्या भिंतीवर दोन ताण येतात. एक तिला जाड करू पाहतो, दुसरा लांब करू पाहतो, आणि पहिला दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असतो. तारा नळीच्या अक्षाशी 54.7 अंशांच्या कोनात गुंडाळल्या, तर त्या दोन्ही ताण याच दुपटीच्या प्रमाणात पेलतात आणि नळी जाडही होत नाही, लांबही होत नाही. कोन कमी झाला तर नळी फुगून आखूड होईल. जास्त झाला तर बारीक होऊन लांबेल. या कोनाच्या टँजंटचा वर्ग बरोबर 2 येतो, म्हणजे ही दुप्पटच कोनात उतरलेली असते. जेसीबीच्या हातावरच्या जाड नळ्याही याच कोनाच्या आसपास विणलेल्या असतात. रस्त्याकडेला यंत्र उभं असेल आणि एखाद्या नळीचं वरचं रबर झिजलेलं असेल, तर जवळ जाऊन बघा, तिरप्या तारा दिसतील.

रबरी नळी कमजोर असते असा निष्कर्ष मात्र काढू नका. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 106 या मानकानुसार तीन मिलिमीटरपर्यंतच्या नळीला 7,000 पीएसआय, म्हणजे सुमारे 480 बार दाबापर्यंत न फुटता टिकावं लागतं. वरच्या उदाहरणातल्या दाबाच्या हे दहापट होतं. रबराचा शत्रू वय आहे. ऊन, उष्णता आणि धूळ यांनी बाहेरचा थर भेगाळतो. आतला थर फुगून सोलला, तर तो कधी कधी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेसारखा वागतो: लिव्हर दाबली की दाब खाली जातो, सोडल्यावर परत येत नाही. पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते, आणि दोष कॅलिपरचा समजून भलतीच दुरुस्ती होते. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये नळी दर चार वर्षांनी बदलायला सांगितलेली असते. आपल्याकडे ते पान क्वचितच कुणी वाचतं. माझं मत विचाराल, तर दोन वर्षांच्या गाडीची चांगली रबरी नळी काढून स्टीलची घालण्याऐवजी ते पैसे टायरवर घालावेत. नळीला चार वर्षं झाली असतील आणि ती तशीही बदलायचीच असेल, तर मात्र स्टीलच्या जाळीचीच घ्यावी.

आणि ऑईल? घाटात माणसाला दगा मिळतो तो बहुतेक ऑईलकडून. आपण वापरतो ते डॉट 3, डॉट 4 किंवा डॉट 5.1 प्रतीचं ऑईल ग्लायकॉल वर्गातलं असतं, आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. झाकणातून, सिलांतून, रबरी नळीच्या भिंतीतूनसुद्धा पाणी आत झिरपतं. नवं कोरडं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात वजनाने 3.7 टक्के पाणी शिरलं की मानकाची किमान मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140, डॉट 5.1 साठी 260 आणि 180. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आंबोलीच्या वाटेवर किंवा मलप्रभेच्या उगमाजवळच्या कणकुंबीत हवेला ओल कमी कधीच नसते.

लांब उतारावर कॅलिपर तापत गेलं आणि ऑईल एका जागी उकळलं, तर वाफेचे बुडबुडे होतात. वाफ सहज दाबली जाते. मग लिव्हर हँडलला टेकते आणि पॅडवर जोरच येत नाही. एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: घाटात मध्येच चहाला थांबल्यावर कॅलिपर आणखी तापू शकतं, कारण डिस्कची उष्णता आत शिरत राहते आणि थंड करणारा वारा बंद झालेला असतो. थांबून पुन्हा निघताना लिव्हर एकदा दाबून बघायची सवय याचसाठी हवी. स्टीलची नळी उकळणं थांबवत नाही. ओल झिरपण्याची एक वाट ती बरीचशी बंद करते, इतकंच. ऑईल दर दोन वर्षांनी, आणि शक्यतो पावसाळ्याच्या आधी, बदलायला हवं. एकाच कामाला पैसे असतील तर हे करा.

नळी बसवताना टूरिंगच्या गाडीचा एक वेगळा प्रश्न असतो. लांब प्रवासात पाठ ताठ राहावी म्हणून हँडल उंच करून घेतात आणि मूळ नळी अपुरी पडते. हँडल पूर्ण वळवल्यावर ती ताणली जाते, नळीचं टोक जिथे बसतं त्या बँजो बोल्टच्या (आतून पोकळ बोल्टच्या) सांध्यावर ओढ पडते. म्हणून हँडल आणि शॉकअपचा पूर्ण प्रवास मोजूनच लांबी ठरवावी: हँडल दोन्ही टोकांना वळवून, आणि पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण उघडल्यावर. पीटीएफईची नळी फार वाकवली तर चिमते आणि चिमलेली नळी पुन्हा सरळ करून वापरायची नसते. तिला पीळही पडू देऊ नये. जाळीवर प्लास्टिकचं आवरण नसेल, तर ती टाकीचा रंग, वायरी, जे लागेल ते कानशीसारखं घासते.

बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे घालायचे, कारण ते दबून सांध्याच्या आकाराचे झालेले असतात. बोल्टचे आटे सगळ्या गाड्यांना सारखे नसतात. 10 मिलिमीटरच्याच बोल्टला एकीकडे 1.0 तर दुसरीकडे 1.25 मिलिमीटर अंतराचे आटे असतात, आणि चुकीचा बोल्ट जोर लावून बसवला की कॅलिपरच्या ॲल्युमिनियमचे आटे जातात. किती आवळायचं तो आकडा मॅन्युअलमधून घ्यावा, टॉर्क पान्याने. सांडलेलं ब्रेक ऑईल रंग खातं, लगेच पाण्याने धुवावं. आणि ब्रेकचे भाग पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑईलने कधीही धुवू नयेत. आतली रबरी सिलं ज्या जातीच्या रबराची असतात, ती खनिज तेलाने फुगतात आणि निकामी होतात. खेड्यापाड्यांतल्या गॅरेजमध्ये हे अजून सर्रास होतं. गाडीवाल्याने शेजारी उभं राहून नको म्हणायला काही हरकत नाही.

शेवटचं काम हवा काढण्याचं. बुडबुडे वर चढतात, त्यामुळे खाली कॅलिपरकडून सिरिंजने ऑईल वर ढकलणं पुष्कळदा सोपं जातं. वरच्या बँजोच्या कमानीत अडकलेली हवा नळीवर टिचक्या मारून मोकळी करता येते. एबीएसची गाडी असेल, तर त्याच्या युनिटमधल्या झडपांमागेही हवा राहू शकते, आणि ती काढायला काही गाड्यांना कंपनीच्या संगणकाने झडपा उघडाव्या लागतात. लिव्हर कडक होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. झाल्यावर लिव्हर पूर्ण जोराने अर्धा-एक मिनिट दाबून धरा, प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून ओल दिसते का पाहा, आणि पहिले काही किलोमीटर सपाट, मोकळ्या रस्त्यावर काढा. दुसऱ्या दिवशी तोच कागद पुन्हा सगळ्या सांध्यांना लावून बघायचा; तो कोरडा निघाला की मग जांबोटीचा रस्ता धरायला हरकत नाही.