धार्मिक कादंबरी आणि चर्चची मान्यता: कॅथोलिक वाचकाच्या प्रश्नामागचा इतिहास

प्रभू येशूच्या जीवनावरची किंवा चर्चच्या इतिहासावरची एखादी कादंबरी गाजू लागली की कॅथोलिक घरांत एक प्रश्न हमखास निघतो: ‘चर्चने याला मान्यता दिली आहे का?’ प्रश्न श्रद्धेपोटी येतो, म्हणून त्याचा मान राखायलाच हवा. पण कादंबरीच्या बाबतीत या प्रश्नाने काहीच उलगडत नाही. कादंबरीला अशी मान्यता घ्यावी लागत नाही आणि बहुधा कोणी ती मागितलेलीही नसते. त्यामुळे मान्यता नाही म्हणजे बंदी आहे असे होत नाही, आणि बंदी नाही म्हणून शिफारस आहे असेही होत नाही. मान्यता, बंदी आणि शिफारस या तिन्हींची सरमिसळ आजची नाही, तिला साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे.

निषिद्ध पुस्तकांची पहिली रोमन यादी पोप पॉल चौथे यांनी 1559 मध्ये काढली. ती इतकी कडक होती की पाचच वर्षांत, बिशपांची ट्रेंट इथली परिषद आटोपल्यावर, पोप पायस चौथे यांना सुधारित यादी आणावी लागली. 1564 च्या या यादीला दहा नियम जोडलेले होते. त्यातला सातवा नियम साहित्याच्या वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. कामुक मजकुराची पुस्तके निषिद्ध ठरवतानाच त्याने प्राचीन लेखकांची अभिजात पुस्तके भाषेच्या सौंदर्यासाठी मोठ्यांना खुली ठेवली. मुलांना मात्र ती शिकवायची नव्हती. म्हणजे वाचणारा कोण आहे हे पाहून निर्णय बदलू शकतो, हे तत्त्व अगदी सुरुवातीपासून होते. 1571 मध्ये यादीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले गेले. काही पुस्तकांपुढे ‘दुरुस्ती होईपर्यंत’ असा शेरा असे. आक्षेपार्ह परिच्छेद गाळले की पुस्तक पुन्हा वाचता येई.

छापण्याआधीची परवानगी ही याच व्यवस्थेची दुसरी बाजू. मराठी वाचकाला तिचा नमुना घरच्याच ग्रंथात सापडतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’, म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांतले ख्रिस्तचरित्र, 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरच्या जेझुइट महाविद्यालयात रोमन लिपीत छापले गेले, आणि इन्क्विझिशन (चर्चचे धर्मन्यायालय) व धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याची परवानगी असल्याचे त्याच्या मुखपृष्ठावरच नोंदवले गेले. ओवीच्या छंदात, पुराणाच्या घाटात सांगितलेली येशूची कथा त्या काळी धाडसाचीच होती. तरी ती रीतसर तपासणीतून पार पडली.

तपासणी कशी करावी याचे सर्वांत नेमके नियम 1753 मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी घालून दिले. एका परीक्षकाच्या अहवालावर कॅथोलिक लेखकाचे पुस्तक निषिद्ध करायचे नाही. पहिल्याचे मत प्रतिकूल असेल तर पुस्तक दुसऱ्याकडे जाईल आणि त्याला पहिल्याचे नाव कळणार नाही. दोघांचे जमले नाही तर तिसरा. परीक्षक त्या विषयाचा जाणकार हवा. पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे, एखादे वाक्य संदर्भातून उपटून न्याय करायचा नाही, आणि लेखक सत्शील कॅथोलिक असेल तर संदिग्ध वाक्याचा अर्थ शक्यतो त्याच्या बाजूने लावायचा. आज एखाद्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून कादंबरीला पाखंडी ठरवणाऱ्यांनी हे नियम वाचावेत. ते उदारमतवादी समीक्षकाने लिहिलेले नाहीत, निषिद्ध पुस्तकांच्या यादीसाठीच केलेले आहेत.

तरीही कादंबरीपुढे ही यंत्रणा अडखळत राहिली. रिचर्डसन यांची ‘पामेला’ 1744 मध्येच यादीत गेली होती. एकोणिसाव्या शतकात ड्यूमा यांच्या प्रेमकथा आल्या, 1864 मध्ये ह्यूगो यांची ‘ले मिझराब्ल’ आली, 1894 मध्ये झोला यांचे समग्र लेखन आले. ‘ले मिझराब्ल’मधले बिशप मिरिएल हे कादंबरीतल्या सर्वांत पवित्र धर्मगुरूंपैकी एक, तरी हे पुस्तक 1959 पर्यंत यादीत राहिले. सिद्धांतग्रंथातले चुकीचे विधान बोट ठेवून दाखवता येते. कादंबरीत मात्र विधान पात्राच्या तोंडी असते, आणि पात्राचे मत ते लेखकाचे मत असे धरले की निर्णय हमखास चुकतो.

त्याच काळात चर्चमधल्या मोठ्या माणसांनी स्वतः कादंबऱ्या लिहिल्या, हे विसरले जाते. रोममधल्या आरंभीच्या ख्रिस्ती हुतात्म्यांवर कार्डिनल वाइझमन यांनी 1854 मध्ये ‘फॅबिओला’ लिहिली. पुढच्याच वर्षी जॉन हेन्री न्यूमन यांची ‘कॅलिस्टा’ आली. न्यूमन यांची भूमिका स्पष्ट होती: माणूस पापी आहे, तेव्हा त्याचे साहित्य निष्पाप असावे असा आग्रह धरता येणार नाही.

या ताणाचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्रज कॅथोलिक कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’चे. 1938 च्या मेक्सिको प्रवासातून उभी राहिलेली ही कादंबरी 1940 मध्ये आली. टबॅस्को प्रांतात चर्चचा छळ चालू आहे, आणि मागे उरलेला एकच धर्मगुरू दारूडा आहे, एका मुलीचा बापही आहे. तो पळतो, घाबरतो, चुकतो, पण मिस्सा अर्पण करणे आणि लोकांचे पापनिवेदन ऐकणे सोडत नाही. सीमेपलीकडे सुरक्षित पोचण्याची संधी असताना मरणाऱ्या गुन्हेगाराला क्षमा देण्यासाठी तो माघारी फिरतो आणि पकडला जातो. युरोपात भाषांतरे गाजली तशा रोमकडे तक्रारी गेल्या. श्रद्धासिद्धांतांवर देखरेख करणाऱ्या रोममधल्या ‘होली ऑफिस’ या कार्यालयाच्या परीक्षकांना पुस्तक रुचले नाही. धर्मगुरूचे इतके दुबळे चित्र श्रद्धेला मारक ठरेल असे त्यांना वाटले. व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयातले मोंतीनी यांनी पुस्तकाची बाजू घेतली आणि आणखी एका जाणकाराचे मत घ्यावे असे सुचवले. शेवटी पुस्तक यादीत घातले गेले नाही, पण 1953 मध्ये वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल ग्रिफिन यांना पत्र गेले: लेखकाने दुरुस्त्या कराव्यात. हक्क प्रकाशकांकडे आहेत असे सांगून ग्रीन यांनी ते नम्रपणे टाळले. मोंतीनी 1963 मध्ये पोप पॉल सहावे झाले. 1965 मध्ये ग्रीन त्यांना भेटले, तेव्हा पोपांनी सांगितले की तुमच्या पुस्तकांतले काही भाग काही कॅथोलिकांना खटकणारच, तिकडे लक्ष देऊ नका.

परीक्षक पाप दिसते का हे तपासत होते. मोंतीनी त्या पापात कृपा कशी काम करते हे पाहत होते. दोघांनी पाने तीच वाचली होती.

याच्या उलट टोकाला मारिया वाल्तोर्ता यांचे प्रकरण. इटलीत वियारेज्जो इथे अंथरुणाला खिळलेल्या या बाईंनी 1943 पासून येशूच्या जीवनाचे दीर्घ वर्णन वह्यांमध्ये लिहिले. ते आपल्याला दर्शनांतून मिळाले असे त्या म्हणत. 1956 ते 1959 या काळात चर्चच्या परवानगीशिवाय त्याचे चार खंड निघाले. 16 डिसेंबर 1959 च्या आदेशाने ते निषिद्ध यादीत गेले, आणि जानेवारी 1960 मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्याला वाईट रीतीने कादंबरी केलेले येशूचे चरित्र म्हटले. मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनात व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने पुन्हा स्पष्ट केले की ही दर्शने दैवी उगमाची मानता येत नाहीत. येशूचे चरित्र आपल्या पद्धतीने सांगण्यासाठी लेखिकेने वापरलेला तो साहित्यप्रकार समजावा. येशूने काना गावच्या लग्नात नेमके काय म्हटले असेल याची कल्पना कादंबरीकार करू शकतो. ती कल्पना शुभवर्तमानाची राहिलेली पाने म्हणून वाचली जाऊ लागली की धोका सुरू होतो. भाविक घरांत हे सहज घडते, कारण अशी पुस्तके बहुधा प्रार्थनापुस्तकांच्या शेजारीच ठेवलेली असतात.

यादी 1966 मध्ये संपली. 14 जूनच्या निवेदनाने तिचे कायद्याचे बळ काढून घेतले, मात्र नैतिक इशारा म्हणून तिचे मोल राहते असेही सांगितले. त्याच नोव्हेंबरात आणखी एका आदेशाने पुस्तके आपोआप निषिद्ध ठरवणारे चर्चच्या जुन्या कायदेसंहितेचे कलम रद्द झाले. वाचकाने स्वतः विवेकाने ठरवायचे, ही जबाबदारी तेव्हापासून कायद्यानेच त्याच्याकडे आली.

चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेनुसार आज काय लागते? बायबलची आवृत्ती, उपासनेची व प्रार्थनेची पुस्तके, धर्मशिक्षण आणि धर्मविषयक पाठ्यपुस्तके यांना मान्यता हवी. बायबल आणि उपासनेचे ग्रंथ यांची मान्यता वरच्या पातळीवर ठरते; बाकीच्यांसाठी लेखक राहतो तिथल्या किंवा पुस्तक प्रसिद्ध होते तिथल्या बिशपांकडे हस्तलिखित जाते. बिशप परीक्षक नेमतात, तो लेखी मत देतो. हरकत नसेल तर ‘निहिल ओब्स्टाट’ (काही हरकत नाही) असा परीक्षकाचा शेरा, आणि मग बिशपांचे ‘इंप्रिमातुर’ (छापावे). संन्यस्त लेखकाला आपल्या वरिष्ठांची संमतीही लागते. या शिक्क्यांचा अर्थ मजकुरात सिद्धांताची चूक नाही एवढाच. पुस्तक चांगले आहे असा नाही. आणि मराठी वाचकासाठी महत्त्वाचे: मूळ आवृत्तीची मान्यता नव्या आवृत्तीला किंवा भाषांतराला लागू होत नाही (कलम 829). इंग्रजी पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर शिक्का असला तरी मराठी अनुवादासाठी तो पुन्हा घ्यावा लागतो. कादंबरी या गटांत येत नाही. मात्र धर्म किंवा नीती हा विषय असलेले पुस्तक चर्चमध्ये विकायचे असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. म्हणून मिस्सेनंतरच्या विक्रीच्या टेबलावर काय मांडायचे ते आधी धर्मगुरूंना विचारून ठरवावे.

या नव्या काळाची मोठी परीक्षा 2003 मध्ये आली ती डॅन ब्राउन यांच्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीमुळे. येशूने मग्दालिया मरियेशी लग्न केले आणि चर्चने ते लपवले, अशी तिची कथा आहे. जेनोआचे आर्चबिशप कार्डिनल बेर्तोने यांनी 2005 मध्ये लोकांना ती घेऊ नका, वाचू नका असे सांगितले, तोवर तिच्या लाखो प्रती खपल्या होत्या. 2006 मध्ये चित्रपट आला तेव्हा भारतात त्याला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले आणि कथा काल्पनिक असल्याची पाटी दाखवण्याची अट पडली. गोव्यासह काही राज्यांनी प्रदर्शन रोखले. कादंबरीची खरी अडचण कथेत नव्हती. सुरुवातीच्याच पानावर काही गोष्टी वस्तुस्थिती म्हणून दिल्या होत्या, ही अडचण होती. त्या पानावरची 1099 ची म्हटलेली गुप्त संघटना प्रत्यक्षात 1956 मध्ये पिएर प्लांतार आणि त्यांच्या साथीदारांनी फ्रान्समध्ये नोंदवलेली होती. कथेत अल्बिनो साधू असलेल्या ओपुस देई या कॅथोलिक संस्थेत साधू नसतातच. येशूचे देवत्व नायसियाच्या परिषदेत अटीतटीच्या मतदानाने ठरले असे एक पात्र सांगते. 325 च्या त्या परिषदेत शेवटी दोनच बिशपांनी सही नाकारली. येशू आणि मग्दालिया मरिया यांच्या नात्याचा पुरावा म्हणून फिलिपच्या नावाचा जो प्राचीन ग्रंथ येतो, त्याच्या हस्तलिखितात येशू तिचे चुंबन घेत असे म्हणणाऱ्या नेमक्या त्या ओळीत पान खराब होऊन मजकूर गेलेला आहे. चुंबन कुठे, हा शब्द अभ्यासकांनी अंदाजाने भरलेला आहे. अशा चार गोष्टी तपासायला एक संध्याकाळ पुरते, आणि त्या मनाई करण्यापेक्षा कितीतरी जास्त कामी येतात. वाचू नका म्हटलेली तरुण मुले पुस्तक वाचतातच, आणि मग उत्तरे शोधायला कोणाकडे जात नाहीत.

म्हणून धार्मिक कादंबरी हातात आली की आधी तिची पहिली आणि शेवटची पाने बघावीत: लेखक कशाला इतिहास म्हणतो आणि कशाला कल्पना? दर्शनाचा किंवा गुप्त ज्ञानाचा दावा आहे का? मग शंकास्पद वाटणारे विधान कोण करते ते पाहावे, लेखक की पात्र, आणि कथा पुढे त्या विधानाला कुठे नेते तेही. पापाच्या वर्णनापेक्षा पापाचे काय होते याकडे लक्ष द्यावे. घरातल्या कोणासाठी पुस्तक आणले आहे, हा 1564 चा प्रश्न आजही विचारावा. आजीला आधार देणारे पुस्तक पंधरा वर्षांच्या मुलाला गोंधळात टाकू शकते, आणि उलटही घडते. वाचकमंडळात घ्यायचे असेल तर मजकुराशी जोडलेले शुभवर्तमानातले उतारे आधी वाचून घ्यावेत, म्हणजे कल्पनेने कुठे भर घातली ते आपोआप दिसते. 17 जुलै 2024 च्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंच्या घडणीत साहित्यवाचनाला जागा मागितली. तरुणपणी अर्जेंटिनातल्या सांता फेच्या शाळेत ते स्वतः साहित्य शिकवत. त्या पत्रात वाचनीय पुस्तकांची यादी दिलेली नाही.