कार्बोरेटरचा पंप की इंजेक्शनचा? जुन्या कॉन्टेसाला कोणता शोभेल

१.८ लिटर इसुझू इंजिनवाल्या कॉन्टेसाचा एसी पंप (इंजिनच्या जोरावर चालणारा, पेट्रोल ओढणारा पंप) थकला, की मिस्त्री सांगतो, ‘साहेब, इलेक्ट्रिक टाकून घ्या.’ दुकानात मात्र इलेक्ट्रिक पंप दोन जातींचे मिळतात: एक कार्बोरेटरसाठी, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या जुन्या यंत्रासाठी, आणि दुसरा इंजेक्शनसाठी, जिथे इंजेक्टर प्रेशरने पेट्रोल फवारतो. दोन्ही बारा व्होल्टवर चालतात, दोन्हींना दोन वायरी आणि पाइपाची दोन तोंडं. नुसतं बघून फसायला होतं. खरा फरक प्रेशरचा. कार्बोरेटरचा पंप साधारण ३ ते ६ पीएसआय (प्रेशरचं माप) देतो, इंजेक्शनचा ४३ ते ५८, म्हणजे ३ ते ४ बार.

प्रेशर जास्त तेवढी गाडी जोरात पळेल, हा समज आधी डोक्यातून काढा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवायला असते एक बारीक नीडल, फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याच्या, आधारावर बसलेली. ४३ पीएसआयपुढे तिचा निभाव लागत नाही. फ्लोटच्या वाटीतून पेट्रोल वर येतं, कडेने ओघळतं आणि खालच्या तापलेल्या इंजिनवर पडतं. गाडी पेटायला एवढं पुरे. उलटी चूक तेवढी जीवघेणी नाही: कार्बोरेटरचा पंप इंजेक्शनला जोडला तर इंजेक्टरला फवाराच मिळत नाही, गाडी धड चालू होत नाही.

आपल्याकडे पंप बदलण्याचं कारण बहुतेकदा ऊन असतं. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे गेला, की सिग्नलला उभी असलेली जुनी गाडी बंद पडते आणि ड्रायव्हर बॉनेट उघडून एसी पंपावर ओला फडका ठेवतो. हा पंप इंजिनवर, टाकी पार मागे. पंप तिथून पेट्रोल ओढतो, ओढताना पाइपातलं प्रेशर घटतं, आणि प्रेशर घटलं की पेट्रोल लवकर उकळतं. मग डायफ्राम, म्हणजे पंपातला पडदा, नुसत्या वाफेवर हलत राहतो. खोल बोअरचं पाणी वरच्या मोटरने ओढता येत नाही म्हणून मोटर खाली सोडतात, तसंच हे. म्हणून इलेक्ट्रिक पंप मागे, टाकीजवळ आणि टाकीच्या पातळीखाली बसवा. कित्येक जण जागा मोकळी दिसते म्हणून तो बॉनेटखालीच ठोकतात. खर्च होतो, रोग तसाच राहतो.

गाडी रविवारी काढणाऱ्याला माझ्या मते कार्बोरेटर आणि मागे बसवलेला कमी प्रेशरचा पंप भरपूर झाला.

इंजेक्शन करायचंच असेल तर नुसता पंप बदलून भागत नाही, टाकीही बदलावी लागते. कन्नडच्या औट्रम घाटात वळणावर पेट्रोल एका बाजूला धावलं आणि पंपाने क्षणभर हवा घेतली, तरी कार्बोरेटरच्या वाटीतला साठा इंजिनला सांभाळून घेतो. इंजेक्शनला असा साठा नसतो. प्रेशर पडलं की इंजिन तिथेच मान टाकतं. म्हणून टाकीत आडवे पत्रे हवेत, पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारं छोटं भांडं हवं, आणि बहुतेक किटना जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी लाइनही लागते. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, त्यामुळे पेट्रोलचा काटा लालवर जाईपर्यंत गाडी दामटू नका.

मस्टँग, कॅमॅरोसारख्या अमेरिकन गाड्यांसाठी अशा टाक्या पंपासकट तयार मिळतात. कॉन्टेसावाल्याला संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाण्याकडच्या चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याला गाठून ती बनवून घ्यावी लागेल. नवीनच बनवा. जुन्या टाकीला वेल्डिंग मारण्याचा मोह नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, आणि ‘पेट्रोल काढलंय की’ एवढ्या भरवशावर वेल्डिंगची टॉर्च लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

पाइप घेताना त्यावरचा छाप वाचा. ३०आर७ कार्बोरेटरच्या लाइनला चालतो, इंजेक्शनला ३०आर९ हवा, आणि टाकीच्या आत पेट्रोलात बुडून राहणारा तुकडा ३०आर१०चा. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर फुगतं. त्यामुळे लाइनमधले जुने तुकडे ठेवूच नका.

एक गोष्ट बहुतेक गॅरेजवाले सोडून देतात. एसी पंप इंजिनसोबत थांबतो. इलेक्ट्रिक पंप चावी चालू असेपर्यंत पेट्रोल ढकलत राहतो, गाडी उलटली, पाइप तुटला तरीही. इंजेक्शनच्या किटमध्ये इंजिन थांबलं की ईसीयू, म्हणजे इंजेक्शन सांभाळणारा कॉम्प्युटर, पंप बंद करतो. कार्बोरेटरच्या गाडीत मात्र इंजिन थांबून ऑइलचं प्रेशर पडलं की करंट तोडणारा ऑइल प्रेशर स्विच किंवा धक्का बसला की करंट तोडणारा इनर्शिया स्विच पंपाच्या रिलेला जोडून घ्या, आणि काम संपल्यावर तो खरंच पंप बंद करतो का, हे मिस्त्रीकडून समोर करून दाखवून घ्या.